हृदयाचा आलेख
(ज्युबिलीच्या सभेंत परिचारिकांच्या वतीनें केलेलें भाषण)



 हृदयाचा आलेख वाचावयास आम्ही कशा शिकलों, तेवढेंच सांगतों.

आलेखांतील लाटांस पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें हॉलंडांतील प्राध्यापक विलेम आइंटहोव्हेन यांनीं दिलीं. त्यांस १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तरी पुढें पुष्कळ वर्षें हें वाचन डॉक्टरांचेंच काम मानीत. १९६२ च्या सुमारास अमेरिकेंत हृदयरोग्यांसाठीं स्वतंत्र कक्ष निघाले, तेव्हां फिलाडेल्फिया येथें डॉ. लॉरेन्स मेल्टझर व परिचारिका रोझ पिनिओ यांनीं ही विद्या परिचारिकांस शिकविली. कारण रात्रंदिवस रोग्याच्या उशाशीं असते ती परिचारिकाच.

कागद सेकंदास २५ मिलिमीटर सरकतो. म्हणून मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा. ठोके समान अंतरावर असतील, तर दोन आर लाटांमधील मोठे चौकोन मोजून त्यांनीं ३०० ला भागावें. चार भरले, तर मिनिटास ७५ ठोके. अंतर विषम असेल, तर सहा सेकंदांतील आर लाटा मोजून दहांनीं गुणावें.

हें पाठ झालें आणि आम्हांस थोडा गर्व चढला. एके रात्रीं पडद्यावरील रेषा एकाएकीं सरळ झाली. आम्ही धांवलों, पाहतों तों आजीबाई उठून बसलेल्या! "कां गो पोरींनो, इतक्या धांवत कां आलांत?" कूस बदलतांना छातीवरील तार निसटली होती. आम्ही हंसलों, पण शिकविणाऱ्या सिस्टर हंसल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "याच्या उलटही घडतें. आलेख हृदयांतील विजेचा आहे, रक्ताच्या प्रवाहाचा नव्हे. कधीं कागदावर लाटा नीट उमटतात आणि हाताला नाडी लागत नाहीं. तेव्हां जी कागदच पाहत राहील, तिच्या डोळ्यांदेखत रोगी जाईल."

तेव्हांपासून आमचा क्रम ठरला: आधीं रोग्याचें मुख, मग नाडी, मग आलेख.

म्हणून एक विनंति. आपलें माणूस अशा कक्षांत असेल, तर निसटलेली तार स्वतः लावूं नका. आम्हांस हांक मारा. त्यास घाम सुटला, छातींत दुखूं लागलें, शुद्ध हरपूं लागली, तर पडदा ठीक दिसत असला तरीही हांक मारा. त्या हांकेसाठींच आम्ही तेथें जागत असतों.