टोकबोक्की आणि आईची उकड

आज टोकबोक्की. शेंद्र्यात ह्योसंगचा कारखाना आला, म्हणजे कोरिया आपल्या शहराच्या वेशीवरच आहे. पण त्या चिवट तांदळाच्या कांड्या मी घरीच करते.

पहिल्यांदा पीठ गार पाण्यात भिजवलं, कांड्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि पातेल्यात चक्क पेज झाली! आई मागून म्हणाली, "अगं, मोदकाला काढतो तशी उकड काढ की." तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो ना, गरम पाण्यानेच तो येतो.

तर एक वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे साबुदाण्याचं पीठ, मीठ. त्यात वाटीभर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाका. तेलाचा हात लावून हात दुखेपर्यंत मळा. बोटाएवढ्या कांड्या वळून उकळत्या पाण्यात सोडा, तरंगल्या की दोन मिनिटांनी काढून गार पाण्यात टाका.

मूळ चव गोचुजांगची. मिरची, चिकट तांदूळ, सोयाबीन आंबवून केलेली लाल पेस्ट. नसेल तर गुलमंडीवरून ब्याडगीचं तिखट आणा, सोबत लसूण, सोया सॉस, गूळ. आंबवल्याची चव येत नाही, खोटं कशाला बोलू? रंग मात्र झकास. लवंगी मिरची नको हं, मी ती चूक करून रडलेय. दीड वाटी पाण्यात हे सगळं उकळा, कांड्या घाला, रस दाटेपर्यंत हलवत राहा.

गरमच खा, गार झाल्या की कडक होतात. उरलेल्यांना आईने मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली. माझ्या टोकबोक्कीआधी त्याच संपल्या!