पायातील गुठळी

पायांतील रक्ताला हृदयाकडे परत जाताना चढण चढावी लागते. हृदयाने दिलेला जोर तोवर बराचसा ओसरलेला असतो. चालताना पोटरीचे स्नायू आतल्या खोल नीलांना दाबतात, नीलांतील झडपा रक्ताला मागे घसरू देत नाहीत, आणि रक्त वर ढकलले जाते. पाऊल थांबले की हा पंपही मंदावतो. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना आश्रयस्थानांत रात्रीमागून रात्री खुर्चीवर बसून काढणाऱ्यांपैकी काही माणसे अकस्मात मरण पावली. पायात गोठलेल्या रक्ताचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकतो व असा मृत्यू ओढवतो, याकडे डॉक्टर कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी लक्ष वेधले.

प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याकडे ओढ वाढणे, ही या विकाराची तीन कारणे होत. मोठी शस्त्रक्रिया, मोडलेले हाड, बाळंतपण, कर्करोग, लांबचा प्रवास अशा प्रसंगी ती एकत्र येतात. यावर हेपॅरिनसारखी औषधे देतात. ती गुठळी विरघळवीत नाहीत. तिला वाढू देत नाहीत, एवढेच. विरघळवण्याचे काम शरीर आपल्या संथ गतीने करते. तोवर झडपा निकामी झाल्या, तर पाय पुढे वर्षानुवर्षे सुजतो, जड होतो, घोट्याजवळची कातडी काळवंडते, कधी न भरणारी जखम होते. मग ती गुठळी बाहेरच काढून टाकली तर?

या प्रश्नाच्या उत्तराची साधने हळूहळू जमत गेली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार व तारेवरून नळी रक्तवाहिनीत सरकविण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. १९६३ मध्ये अमेरिकेत टॉमस फोगार्टी यांनी टोकाला फुगा असलेली नळी पुढे आणली. ती गुठळीपलीकडे नेऊन फुगवायची आणि गुठळीसह मागे ओढायची. तिचा उपयोग प्रथम धमन्यांत झाला. आज गुडघ्यामागील नीलेतून, केवळ तेवढा भाग बधिर करून, नळी गुठळीपर्यंत नेता येते. तिच्यातून विरघळविणारे औषध थेट गुठळीत सोडतात, किंवा ती फोडून शोषून घेतात, किंवा जाळीत धरून ओढून काढतात. पोटात डावी नीला धमनीखाली दबलेली आढळली, तर तेथे आधाराची जाळीदार नळीही बसवितात.

हे ऐकून वाटेल, की प्रत्येक गुठळी अशीच काढावी. अमेरिकेत ६९२ रुग्णांवर ही तुलना झाली व २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटाला नेहमीची औषधे, दुसऱ्याला त्यांखेरीज नळीवाटे उपचार. दोन वर्षांच्या अवधीत पायाचा कायमचा त्रास नळीच्या गटात शंभरांत ४७ जणांना झाला, दुसऱ्यात ४८ जणांना. तीव्र किंवा मध्यम त्रास मात्र २४ वरून १८ वर आला. आणि पहिल्या दहा दिवसांत मोठा रक्तस्राव नळीच्या गटात अधिक झाला: शंभरांत १.७, तर दुसऱ्या गटात ०.३.

या आकड्यांचा अर्थ नळी निरुपयोगी आहे, असा नव्हे. पाय निळा पडून रक्ताभिसरणच तुटू लागले असेल, तर ती पाय वाचवू शकते. गुठळी ताजी, मांडीच्या वर पोटापर्यंत गेलेली, रुग्ण तरुण व रक्तस्रावाचा धोका थोडा, अशा ठिकाणी तिचा विचार करणे योग्य. पोटरीपुरत्या गुठळीसाठी किंवा अतिवृद्ध, दुर्बल रुग्णासाठी औषधे बहुधा पुरेशी असतात. औषधाविना केवळ यंत्राने गुठळी ओढणारी साधने आता आली आहेत. पण नळी घातली तरी रक्त न गोठण्याची औषधे पुढे महिनोन्‌महिने घ्यावीच लागतात.

म्हणून, श्रोतेहो, एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून चोळत बसू नका. चोळल्याने गुठळी सुटण्याचा धोका आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यातच धाप लागली वा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा. आणि नळी घालण्याचा सल्ला मिळाला, तर माझ्या पायाला तिचा लाभ किती व धोका किती, हे अवश्य विचारा. तो प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.