रक्तातील खूण आणि आपली जाग
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



घरात कर्करोगाचे निदान झाले की प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उमटतो : हे आधी का कळले नाही? नॅनो जैवसंवेदक हे या प्रश्नाला विज्ञान शोधत असलेले एक उत्तर आहे.

काही कर्करोगांत विशिष्ट प्रथिने रक्तात वाढतात. प्रोस्टेट ग्रंथीशी निगडित ‘पीएसए’ हे त्यांपैकी एक. एका मिलिलिटरमध्ये ते ४ नॅनोग्रॅमहून अधिक आढळल्यास डॉक्टर बहुधा पुढील तपासणी सुचवतात. हे प्रमाण म्हणजे १० लाख लिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ!

इतके अल्प द्रव्य टिपण्यासाठी केसाहून हजारो पटींनी बारीक अशी सिलिकॉनची तार घेऊन तिच्यावर प्रतिपिंडे बसवतात. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसे नेमके तेच प्रथिन तेथे चिकटते. त्याच्या विद्युतभाराने तारेतील प्रवाह बदलतो आणि तो बदल मोजता येतो. २००५ साली हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या गटाने या रीतीने ४ नॅनोग्रॅमच्याही हजारो पटींनी कमी पीएसए ओळखून दाखवले. मात्र रक्तातील क्षार हा विद्युतपरिणाम झाकून टाकतात, म्हणून रक्तद्रव आधी क्षारमुक्त करावा लागला.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. समजा, १०,००० जणांत १० रुग्ण आहेत आणि चाचणी ९९ टक्के अचूक आहे. ती त्या दहांना शोधील, पण सुमारे १०० निरोगी माणसांनाही धास्ती लावील. शिवाय खूण सापडली म्हणजे जीव वाचतोच असे नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ‘सीए-१२५’ या प्रथिनाच्या नियमित चाचणीने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले.

याउलट मुंबईचे उदाहरण पाहा. टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून, नुसत्या डोळ्यांनी केली गेली. त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तपासणाऱ्या होत्या शालेय शिक्षण झालेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविका.

संशोधन थांबवावे, असे मी म्हणत नाही. आपल्या शाळेतील मुलांनी त्यात अवश्य पडावे. परंतु उपकरणाची वाट पाहत आज जे दिसते त्याकडे डोळेझाक नको. जबलपूर हे विडीउद्योगाचे जुने केंद्र. तंबाखू आपल्या घरांना अपरिचित नाही. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम आरशात आणि उजेडात दिसते. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच म्हणा, “जरा तोंड उघडा, पाहू द्या.”