मुद्राचित्रकला : दरबारातून देवघराकडे

(गोंदिया येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



लाकडावर, तांब्यावर अथवा शिळेवर चित्रकाराने आकृती उलटी रेखाटावी, तिला शाई देऊन कागदावर ठसा उमटवावा, आणि त्या एकाच आकृतीने शेकडो कागदांवर जन्म घ्यावा, हा मुद्राचित्रकलेचा धर्म होय; आणि या बहुप्रसवतेमुळेच तिला नक्कल समजून दुय्यम लेखण्याची सवय आपल्याला जडली आहे. माझे प्रतिपादन नेमके उलट आहे. जी चित्रसंपदा राजवाड्यांच्या भिंतींत अडकून पडली होती, ती रयतेच्या दारी नेण्याचे सामर्थ्य याच गुणात होते. म्हणून बहुलता हे या कलेचे वैगुण्य नव्हे, भूषण आहे.

चीनमध्ये इसवी सन ८६८ मध्ये लाकडी ठशांनी छापलेल्या वज्रच्छेदिका सूत्राच्या प्रारंभी बुद्धाचे चित्र आहे; म्हणजे धर्मवचन आणि चित्र यांनी छापाचा आश्रय एकत्रच घेतला. आपल्या मुलुखातही धर्मवचनाने छापाचा आश्रय घेतला. गीता छापवून घेण्याचा नाना फडणविसांचा मनोदय होता, परंतु १८०० मध्ये त्यांचे देहावसान झाले. पुढे १८०५ मध्ये मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी खोदून, ती छापली गेली. घागरी घडवणाऱ्या तांबटाचे कसब सरदाराच्या पदरी राहून गीतेच्या सेवेस लागले, ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते.

या कलेला खरी गती दिली ती शिळाछापाने. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात झेनेफेल्डर याने तेल आणि पाणी यांचे वैर कामी लावले. चुनखडीच्या घोटीव शिळेवर स्निग्ध खडूने चित्र काढावयाचे, त्यावर डिंक व आम्ल यांचा संस्कार करावयाचा, आणि शिळा ओली ठेवून तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई रेषांना धरते आणि कोरी जागा तिला झिडकारते. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा निराळी, आणि एक शिळा केसभर ढळली तरी सगळा मुखडा विस्कटतो.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास शिळाछापखाना घातला. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यास चित्रशाळा स्थापन केली आणि देवदेवतांबरोबर मराठेशाहीतील पुरुषांची चित्रेही लोकांच्या हाती दिली. राज्य गेलेल्या समाजाला आपल्या पूर्वजांचे मुखदर्शन घडविण्याचे हे कार्य होते. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्यातून शकुंतलाजन्माचे चित्र निघाले, आणि हा कारखाना कालांतराने लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. रविवर्म्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु तैलचित्रातील प्रत्येक छटा निवडून ती ठिपक्याठिपक्यांनी वेगवेगळ्या शिळांवर उतरविणाऱ्या कारागिरांची नावे चित्राखाली आली नाहीत. ज्यांच्या बोटांनी लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी आल्या, त्या निनावी माणसांचे ऋण मान्य केल्यावाचून या कलेचा इतिहास पुरा होत नाही.

ही कला पूजेपुरतीच राहिली असेही नाही. बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेले चित्रकार चित्तप्रसाद मुंबईस, अंधेरीत, येऊन राहिले आणि त्यांनी लिनोलियमवर कोरून श्रमणाऱ्या बालकांची चित्रे छापली. तेथे चित्रकार आणि कारागीर एकच आहे, आणि काळ्यापांढऱ्या ठशाला अन्यायाविरुद्ध साक्ष देण्याचे बळ आले आहे.

आता आपल्या गावाचा विचार करू. गोंदिया विड्यांच्या व्यापाराचे गाव आहे. विड्यांच्या कट्ट्यावर चिकटविलेले रंगीत लेबल हेही याच कुळातील अपत्य होय, आणि त्यावरील चित्राने अक्षरशत्रू गिऱ्हाइकालाही आपला माल ओळखता आला. अशी लेबले, जुन्या दिनदर्शिका, देवघरातील पिवळ्या पडलेल्या तसबिरी आज रद्दीत जात आहेत. माझी आपल्याला विनंती अशी, की घर रंगविताना जुनी तसबीर उतरविली तर ती टाकण्यापूर्वी कडेला छापखान्याचे नाव आहे काय हे पाहावे, चौकट व इतिहास यांसह ती गावच्या ग्रंथालयात द्यावी, आणि ग्रंथालयाने तिची दप्तरी नोंद करून ती जतन करावी. दरबारी चित्रे संस्थानिकांनी सांभाळली. रयतेच्या चित्रांचा सांभाळ रयतेनेच केला पाहिजे.