अपग्रेडनंतर संगणक मुका झाला तर

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ वर गेले. अशा बदलानंतर आवाज गेला, तरी स्पीकर बिघडलेला क्वचितच असतो. बहुधा दोष ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रणाली आणि साउंड चिप यांच्यातल्या दुभाष्यात असतो.

पण आधी घड्याळाशेजारचे स्पीकरचे चिन्ह पाहावे. आवाज कोणत्या साधनाकडे जातो आहे, ते तिथे कळते. एचडीएमआय केबलने जोडलेला मॉनिटर निवडला गेला असेल, तर लॅपटॉपचे स्पीकर गप्पच राहणार. निम्मा त्रास इथेच मिटू शकतो.

नाही मिटला, तर यूएसबी हेडफोन लावून पाहावा. त्यातून आवाज आला, तर प्रणाली ठीक आहे. अडचण आतल्या चिपपुरती आहे. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ऑडिओ ड्रायव्हर काढून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज स्वतःच ड्रायव्हर पुन्हा बसवते. मात्र तो अनेकदा सर्वसाधारण प्रकारचा असतो. नेमका ड्रायव्हर संगणकाच्या मॉडेल क्रमांकानुसार उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिरवणाऱ्या फुकट प्रोग्रॅमपासून लांबच राहिलेले बरे. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण चालू दिसले, तर आधीचा ड्रायव्हरही परत आणता येतो.

कशानेच जमले नाही, तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून जुन्या विंडोजवर परतता येते. ही मुभा साधारणपणे अपग्रेडनंतर १० दिवसच असते.