दार उघडे, डोळेही उघडे

दारी आलेल्या परक्याला घरात घ्यावे की नाही, हा प्रश्न फार जुना आहे. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी त्याचे काय उत्तर शोधले, ते आज पाहू.

इ. स. १८७३ मध्ये कॉन्स्टंटिनोपल येथील एका ग्रंथालयात फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मपंडितांना १०५६ साली नकललेली एक पोथी आढळली. तीत ‘दिदाखे’, म्हणजे ‘शिकवण’, हा छोटासा ग्रंथ होता. तो त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ रचना पहिल्या शतकाच्या अखेरची वा दुसऱ्याच्या आरंभीची असावी, असे बहुतेक विद्वान मानतात.

ग्रंथाचा आरंभ जीवनमार्ग व मृत्युमार्ग यांच्या विवेचनाने होतो. परंतु त्याचा खरा जिव्हाळा मंडळीच्या नित्य व्यवहारात आहे. त्या काळी प्रेषित म्हणविणारे उपदेशक गावोगाव फिरत. प्रभूच्या नावाने येईल त्याचे स्वागत करावे, हा पहिला नियम. मात्र प्रेषिताने एक दिवस, निकड असल्यास दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा समजावा. निघताना त्याला पुढील मुक्कामापुरती भाकर द्यावी. त्याने पैसे मागितले, तर तोही खोटा. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस आसरा द्यावा. त्याला कायमची वस्ती करावयाची असेल, तर त्याने आपल्या कसबावर पोट भरावे. कसब नसेल, तर मंडळीने विचारपूर्वक त्याची सोय लावावी. पण कोणी आळसात बसून खाऊ नये.

ही सावधगिरी अनाठायी नव्हती. दुसऱ्या शतकातील लूकियान या उपहासकाराने पेरेग्रिनस हा भोंदू म्हणून रंगविला आहे. ख्रिस्ती लोक तुरुंगातही त्याची कशी सेवा करीत, याची तो यथेच्छ थट्टा करतो.

तरीही त्या मंडळींनी दार लावून घेतले नाही. इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन लिहितो की, रविवारी जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान आणि परके यांचा सांभाळ होत असे.

‘दिदाखे’ची कसोटी केवळ परक्यालाच लागू नव्हती. शेजाऱ्याशी भांडण असेल, तर समेट झाल्यावाचून कोणी रविवारच्या पवित्र भोजनास बसू नये, असेही ती सांगते. दानाविषयी तर तिचा निवाडा स्पष्ट आहे : देणारा निर्दोष; गरज नसता घेणाऱ्याने मात्र जाब द्यावा. फसवणुकीच्या भयाने हात आखडण्यापूर्वी आपण हा निवाडा आठवावा.