कण्याचे माप आणि जगण्याचे माप

मुलीच्या गणवेशाचा एक खांदा उचललेला दिसू लागला, की आई प्रथम शिंप्याला दोष देते आणि मग मुलीला. “नीट ताठ बसत जा,” असा उपदेश सुरू होतो. वास्तविक अपराध दोघांचाही नसतो. दहाव्या वर्षानंतर, वाढीच्या ऐन भरात, काही मुलांचा कणा एका बाजूस कलतो आणि कलता कलता पीळही घेतो. वैद्यकशास्त्र यास स्कोलिओसिस म्हणते. शेकडा दोन-तीन मुलांत हा दोष आढळतो. वाढत जाणारी वक्रता मुलींत अधिक. बहुतेकांच्या बाबतीत कारण सांगता येत नाही. मात्र दप्तराचे ओझे किंवा पोक काढून बसणे हे ते कारण नव्हे.

ही वक्रता मोजण्याची रीत अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली घालून दिली. क्ष-किरण चित्रावर रेषा आखून त्यांमधील कोन अंशांत मोजतात. त्यावरून नुसती देखरेख ठेवावी, ब्रेस द्यावा, की शस्त्रक्रिया करावी, हे बहुतांशी ठरते. पण हे झाले कण्याचे माप. ज्या मुलीचा तो कणा, तिच्या जगण्याचे माप कोणते?

ब्रेस म्हणजे धडाला घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा साचा. वाढ पुरी होईपर्यंत वक्रता बळावू नये, हा त्याचा हेतू. अमेरिका व कॅनडा येथील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी शेकडा ७२ जणांची वक्रता पन्नास अंशांच्या आत राहिली. नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ होते. ब्रेसमध्ये बसविलेले उपकरण अंगाची ऊब ओळखून वापराचे तास नोंदवीत असे. दिवसाकाठी सुमारे तेरा तासांहून अधिक वापर करणाऱ्यांत यश शेकडा नव्वदीच्या घरात गेले.

म्हणजे यशाची किल्ली अखेर त्या मुलीच्याच हाती! उन्हाळ्यात घामाने अंग चिकचिकते, मैत्रिणी कुजबुजतात; अशा वेळी तो साचा अंगावर ठेवावयाचा की काढावयाचा, हे तीच ठरविते. धाक घालून तिचे मन वळत नाही.

हे जाणूनच आता रुग्णांना बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. वेदना, हालचाल, स्वतःच्या रूपाविषयीची भावना, मनःस्वास्थ्य आणि उपचाराविषयीचे समाधान, या पाच गोष्टींचा तीत विचार असतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे, ब्रेस वा शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षे लोटलेल्या रुग्णांची तपासणी झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांचे जीवनमान सर्वसामान्यांच्या जवळजवळ बरोबरीचे होते.

हे आश्वासन पंधरा वर्षांच्या मुलीला कोणीतरी दिले पाहिजे. ब्रेसवरून घालता येतील असे सैल कपडे, खेळाच्या तासाला तो काढून ठेवण्याची वैद्यांच्या संमतीने मिळालेली मोकळीक, वर्गात टक लावून न पाहणारे शिक्षक, आणि तपासणीच्या वेळी आईवडिलांआधी तिलाच विचारलेला प्रश्न, एवढ्याने तिचा भार पुष्कळ हलका होईल. कोन वैद्य मोजतीलच. घरच्यांनी तिची विचारपूस करावी.